‘जा’ म्हणणारे आणि हक्कही मागणारे शेळके सर

शेळके सरांची आणि माझी पहिली ओळख माझ्या भांडणातून झाली. गौरवग्रंथात हे लिहायला संकोच वाटतो, पण खोटं लिहिलं तर सरच कान धरतील. माधवगंजात आमच्या दारासमोर एक गृहस्थ रोज गाडी आडवी लावून जात. एके सकाळी मी त्यांना मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत यथेच्छ ऐकवत होते. समोरच्या दुकानाशी एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ शांतपणे ऐकत उभे होते. भांडण संपल्यावर त्यांनी पुढे येऊन नमस्कार केला. म्हणाले, “बाई, आपण वकील आहात असं कळलं. आमच्या क्लबाला असाच वकील पाहिजे. फी फारशी देता येणार नाही, पण भांडणं भरपूर मिळतील!”

ते श्री. भास्करराव शेळके. शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी बिर्लानगरात फुटबॉलचा क्लब उभा केला. त्यांचे पणजोबा मराठी फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात आले होते. सरांच्या आवाजात ती फौज अजून आहे. मैदानाच्या या टोकाला उभं राहून ते त्या टोकाच्या गोलकीपरला “अबे, झोप लागली का?” असं विचारतात तेव्हा बाजूच्या चहावाल्याचाही हात थांबतो.

सरांचा एक नेम होता, आणि त्यापायी मी पुष्कळदा कपाळाला हात लावला आहे. खेळाडूचा करार संपत आला की सर स्वतः त्याच्या घरी जात. आईवडिलांसमोर बसून “आमच्याकडे राहिलास तर इतकं देऊ” असं सांगत. आणि त्याच बैठकीत, तोच चहा पीत, दुसरीकडे अधिक चांगली संधी असेल तर “तिकडे जा” असंही सांगत. “लपवून ठेवलं तर तो राहील, पण मनाने राहणार नाही,” असं त्यांचं म्हणणं. मी म्हणे, “सर, अहो हे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं झालं.” सर नुसते मिशीतल्या मिशीत हसत.

एके वर्षी तो धोंडा खरोखरच पडला. सोनू कुशवाह हा सरांनी लहानपणापासून घडवलेला खेळाडू करार संपताच एका मोठ्या क्लबाकडे गेला. करार संपला की खेळाडू मोकळा, त्याला कुणी अडवू नये, हे खरंच. परंतु तो वयाने लहान असेल तर त्याला घडवणाऱ्या क्लबाला नव्या क्लबाने भरपाई द्यावी, असाही नियम आहे. दोन्ही क्लबांचं जमलं नाही तर फुटबॉल संघटनेची समिती ठरवते. किती वर्षं शिकवलं, त्यावर खर्च काय झाला, नवीन क्लब त्याला कोणत्या पातळीवर खेळवणार, हे ती पाहते. शिवाय जुन्या क्लबाने त्याला ठेवून घेण्याची खरी तयारी दाखवली होती की नाही, हेही पाहते. ती दाखवली नसेल तर हक्कच बुडतो.

नवा क्लब काही द्यायला तयार नव्हता, म्हणून प्रकरण समितीपुढे गेलं. आणि आम्हाला ती भरपाई हवीच होती. क्लबाची तिजोरी रिकामी होती. भरपाई बुडाली असती तर पुढच्या हंगामात लहान मुलांचा सराव बंद करावा लागणार होता.

मी सरांना सुचवलं, की निकाल लागेपर्यंत सोनूचा ना-हरकत दाखला थोडा लांबवू या, म्हणजे समोरचे नरम येतील. सर असे चिडले की मला माझीच भांडणं मवाळ वाटली. “वकीलबाई, पोराचा हंगाम आपण तारण ठेवायचा? आधी त्याला जाऊ द्या. मग आपण पोटभर भांडू!” त्याच संध्याकाळी दाखला गेला.

सुनावणीत समोरच्या वकिलांनी नेमकं दुखणं धरलं. “शेळकेजी, आप ही ने कहा था न, चले जाओ?” मी डोळ्यांनी खुणावत होते. सर म्हणाले, “हाँ, कहा था.” मला वाटलं, संपलं सगळं. समोरचे म्हणाले, मग यांना सोनूला ठेवून घ्यायचंच नव्हतं, भरपाई कसली? तेव्हा सर उठून उभे राहिले. “मास्टर लड़के से कहता है, कॉलेज जाओ. तो क्या उसने पढ़ाया नहीं? और उसकी तनख़्वाह काट लोगे?”

सोनूच्या आई साक्षीला आल्या होत्या. त्यांना विचारण्याआधीच त्या बोलल्या, “साब, रखने की बात तो सर ने पक्की कही थी. हमने ही चाय बनाई थी, पड़ोस से शक्कर मँगाके.” समितीतले लोकही हसले. निकाल आमच्या बाजूने लागला. मागितलं तेवढं मिळालं नाही, म्हणून मी अजूनही कुरकुरते. पण सराव एक दिवसही थांबला नाही.

हे कठोर आवाजाचे गृहस्थ मायेचे किती, तेही सांगायला हवं. माझे वडील कंपू भागातल्या इस्पितळात होते तेव्हा सर रोज शेळकेवहिनींच्या हातचा डबा घेऊन येत आणि बाबांशी फुटबॉलवर वाद घालत. बाबांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे. तरी ते सरांची वाट पाहत.

त्या निकालानंतर एक गोष्ट झाली, जी आम्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पूर्वी लोक मुलांना करारावर सही करू द्यायला घाबरत. क्लबवाले बाँध लेते हैं, अशी भीती असे. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी मैदानावर आयांची ही गर्दी! आपल्या मुलीला घेऊन आलेल्या एकीला मी विचारलं, इथेच का आणलंत? ती म्हणाली, “दीदी, ये सर जाने देते हैं.”

सर, आज आपण पंचाहत्तर वर्षांचे झालात. आपली प्रकृती अशीच खणखणीत राहो, आवाज असाच मैदानाच्या त्या टोकापर्यंत पोचो. आपण आजवर सगळ्यांना जाऊ दिलंत. पण आपल्याला मात्र आम्ही जाऊ देणार नाही. त्यासाठी समितीसमोर उभं राहावं लागलं तरी वकील आपल्याकडे आहे.