पाय मात्र घरचा

मामीचा जीव साऱ्या जगावर, राग फक्त नवऱ्याच्या चित्रांवर. मामा कॅलेंडरांसाठी चित्रं काढायचा. चित्रात बाई ठरलेली: कधी शिडीवर, कधी टेलिफोनपाशी, उडणारा झगा सावरत लाजणारी. मामी दिवसभर मशीनवर लोकांचे झगे शिवायची आणि घरात नवं कॅलेंडर आलं की त्याचं तोंड भिंतीकडे करून टांगायची. "तारीख मी शेजारी विचारीन," म्हणायची.

ही सटवी कोण, हे मात्र तिनं उभ्या जन्मात विचारलं नाही. उत्तराची भीती, दुसरं काय!

मामाचे हात थरथरायला लागले, काम सुटलं. मामीनं चित्रांची ट्रंक उपसली आणि रद्दीवाल्याला हाक मारली. मामा खिडकीशी जाऊन बसला. चहासुद्धा घेतला नाही त्यानं.

नेमकी भाची टपकली. ती चित्रकला शिकवते. तिनं तराजूतलीच चित्रं उचलून जमिनीवर मांडली.

"मामी, असल्या चित्रांत नजर कुठं न्यायची ते आधीच ठरलेलं असतं. सगळ्या रेषा चेहऱ्याकडे. मामाचं उलटंच! शिडी, झग्याची कड, कुत्र्याची दोरी, सगळं उतरतं डाव्या पायावर. चप्पल निसटलीय, तो लाडिकपणा झाला, ठीक. पण करंगळी दरवेळी वाकडी? एवढा हात बसलेला माणूस तीच चूक कशी करेल गं?"

मामीनं चष्मा चढवला. लग्न नवं असताना शिलाई मशीन तिच्या पायावर पडलं होतं. तेव्हापासून ती मोज्यांशिवाय चारचौघांत आली नव्हती. तिनं डावा मोजा ओढून काढला आणि पाय चित्राशेजारी ठेवला. भाची पोट धरून हसायला लागली.

"अहो!" मामी ओरडली. "तोंड कुणाचं हे?"

"तोंड कंपनी पाठवायची, मासिकातून कापून. पाय कोण पाठवणार? तो घरचा घेतला."

"मग इतकी वर्षं वाचा बसली होती का तुमची?"

"म्हटलं, कधीतरी बघशील. तू तर भिंतीकडे तोंड..."

मामीचे डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनीच ती रद्दीवाल्यावर खेकसली, "बघतोस काय? वर्तमानपत्रं घे आणि चालता हो!"

शिडीवरची बाई तिनं मशीनसमोर सरळ तोंडानं टांगली. मग दुसराही मोजा काढला आणि अनवाणीच शिवायला बसली.