आल्याची बिस्किटं

लंडनच्या पिनर उपनगरात आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाचे मालक जाफन्याचे तमिळ आहेत. श्रीलंकेतलं युद्ध संपून बरीच वर्षं झाली, पण तिथला माल ते रागाने अजून दुकानात ठेवत नाहीत. एक सिंहली आजी दर शनिवारी तिकडची आल्याची बिस्किटं मागायच्या. मालक काउंटरखाली वाकून नीट शोधायचे आणि म्हणायचे, “सॉरी, संपली.” मुळात ती कधी आणलेलीच नसायची.

गेल्या महिन्यात आजी ऑपरेशननंतर पहिल्यांदाच काठी टेकत आल्या. मालक वाकले आणि चक्क पाकीट निघालं.

त्या गेल्यावर मी म्हटलं, “म्हणजे तुमचं युद्ध संपलं तर.”

“एकच पाकीट आणलंय, डॉक्टर,” ते म्हणाले आणि काउंटर पुसायला लागले.

पुढच्या शनिवारीही एकच होतं.