हिरवा ठिपका

कुठलंही यंत्र समोर आलं की मिस्तरी आधी स्क्रू ड्रायव्हरची मूठ त्यावर दोनदा हलकेच आपटायचे आणि कान लावायचे. आपण तक्रार सांगायला तोंड उघडलं की डावा हात वर. "पहिले खोलीसन देखू, मंग बोल."

शहाद्याला माझ्या दुकानामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. रेडिओपासून सुरुवात करून ते टीव्ही, मिक्सर, मोबाइल असं करत पंपाच्या स्टार्टरपर्यंत आले होते. घरात हिंदी बोलायचे, गिऱ्हाइकाशी अहिराणी. सगळं गाव त्यांना मिस्तरीच म्हणायचं.

मी जवळच्या प्रकाशा गावचा. शेती धाकट्या भावाकडे आहे, कारण मी हात लावला की केळीही माना टाकतात असं वडलांचं ठाम मत होतं. म्हणून मी इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान टाकलं. त्यातलंही मला काही कळत नाही, पण विजेच्या वस्तू माना टाकत नाहीत. नुसत्या जळतात.

मिस्तरींची एक सवय सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. काम झालं की शेवटच्या स्क्रूवर ते हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. ठिपका फुटलेला दिसला की मागाहून दुसऱ्या कुणी यंत्र उघडलं हे कळायचं. ही बाटली ते दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणायचे. लोक तिथे घोडे बघत, हे पांढरी दाढी घेऊन बांगड्यांच्या स्टॉलवर उभे. स्टॉलवाली हसून विचारायची, "चाचीसाठी का?"

"नही, बेटा. मशीनसाठे."

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, सुरतेला राहतो. चीनहून माल मागवतो. त्याने मला मोबाइल स्टार्टर पाठवले: शेतातल्या डब्यात सिम घालायचं, घरून मिस कॉल दिला की मोटर चालू. मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, ‘इम्पोर्टेड स्टार्टर मिळतील’. खाली बाण काढून, ‘तपासणी व दुरुस्ती: मिस्तरी, मागची गल्ली’.

त्या डब्यातून फोनवर एक बाई चिनी भाषेत बोलायची. म्हसावदच्या एका शेतकऱ्याने फोन माझ्या कानाला लावला. "दादा, बाई काय म्हणी ऱ्हायनी?"

"मोटर चालू झाली म्हणते," मी बेधडक सांगितलं.

बाई म्हणत होती की विजेच्या तीनपैकी एक फेज गेला आहे, हे मागाहून कळलं. त्याची मोटर जळाली. तो मोटर खांद्यावर घेऊन माझ्या दारात आला तेव्हा मी दुकानात नव्हतो, म्हणजे काउंटरखाली होतो.

मोटर मिस्तरींनी नव्या तारेने भरून दिली. मग एक डबा उघडून दोन दिवस त्या बाईचं ऐकत बसले. मोटर चालू असताना, बंद असताना, एक फेज काढून. शेवटी त्यांनी बाईचा आवाजच तोडला आणि टिकटिक बसवली. एक टिक म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद, तीन म्हणजे फेज गेला. तेव्हापासून मी एकही डबा त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय विकला नाही. प्रत्येकात हिरवा ठिपका.

एका सकाळी मेहुण्याचा फोन आला. मिस कॉलवर मोटर चालवायच्या त्या युक्तीचं पेटंट एका कंपनीकडे होतं. म्हणजे युक्ती त्यांची, त्यांना विचारल्याशिवाय कुणी करायची नाही, आणायची नाही, विकायची नाही. कंपनी कोर्टात गेली होती आणि कोर्टाने नेमलेले कमिशनर दुकानं तपासत सुरतेहून आमच्याकडे निघाले होते.

"मेहुणे, माझं नाव आलं तर मी संपलो," तो रडत होता. आतून बायकोही ऐकत होती.

मी चौदा खोकी लोडिंग रिक्षात टाकली आणि मिस्तरींकडे नेली. "नवा माल आहे. जरा तपासून ठेवा." खरं काय ते सांगितलं नाही. ते म्हणाले, "ठेव. आतेच खोलस."

दुपारी कमिशनर आले, सोबत कंपनीचे वकील आणि एक हवालदार. दुकानात काही नव्हतं. मी त्यांना चहाही पाजला. निघताना वकिलांनी मान वर करून भिंत वाचली. मी खोकी लपवली होती, भिंत विसरलो होतो. ते बाणाच्या दिशेने चालू लागले आणि मी त्यांच्या मागे.

मिस्तरी जमिनीवर बसले होते. चौदाही डबे ओळीने मांडलेले, चौदाही ठिपके ओले. एवढं मन लावून ते काम करत होते की आम्ही आल्याचंही त्यांना कळलं नाही.

वकिलांनी डबा उचलला. "हे बनवतं कोण?"

मी फक्त मेहुण्याचं नाव घ्यायला हवं होतं. जिभेवर होतं. मी म्हणालो, "मी नुसता विकतो, साहेब. बनवतात हे."

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. यंत्राकडे बघत तसंच, कान लावल्यासारखं. "पहिले खोलीसन देखू" असं काहीतरी ते म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. कमिशनरांनी ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "ही खूण तुमची?"

"हा. ठिपका मन्हा शे."

कागदावर तेवढंच गेलं. खोकी सील झाली, सोल्डरिंग आयर्न, मीटर, सुट्या भागांचा खण, सगळं सील झालं.

तडजोड मीच घडवून आणली. वकील मेहुण्याचाच. आपण फार मोठं काम केलं असं मला चार दिवस वाटतही होतं, आता लिहितानाही कान गरम होतात. मिस्तरींनी लिहून दिलं: असं कोणतंही उपकरण बनवणार नाही, उघडणार नाही, दुरुस्त करणार नाही. मग केस मिटली. मेहुणा वाचला.

त्यानंतर गावोगावचे शेतकरी बंद पडलेले स्टार्टर घेऊन यायचे. मिस्तरी दोन्ही हात पाठीमागे धरायचे. "मले खोलानी बंदी शे, भाऊ." मिक्सर, पंखे चालले असते, पण कागदात ‘उपकरण’ म्हटलं होतं आणि कुठवर बंदी आहे हे त्यांना कुणी नीट सांगितलं नाही. सांगायचं होतं मी. मी गल्ली बदलून जायला लागलो होतो.

मिस्तरी दुकान बंद करून मुलाकडे मालेगावला निघाले त्या दिवशी मात्र गेलो. "मिस्तरी, त्या दिवशी मी..." एवढंच बोलता आलं. हात वर झाला नाही. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं असतं, तेच जड गेलं.

"सकायमाच सांगी देवानं व्हतं, भाऊ," ते त्या सकाळबद्दल म्हणाले. "मी ठिपका देतू नही."

आता त्याच कंपनीचे स्टार्टर मी विकतो. एजन्सी मिळाली. तुम्हाला हसू येत असेल तर हसा. डब्यावर छापलेलं असतं: उघडल्यास वॉरंटी रद्द.

प्रकाशाला भावाच्या विहिरीवर मात्र जुना डबाच आहे, मिस्तरींच्या टिकटिकीचा. मागच्या महिन्यात मी उगाच त्याचा स्क्रू फिरवला. ठिपका फुटला. आत सगळं ठीक होतं. मी बंद करून टाकलं.

परवा सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो तेव्हा बांगड्यांच्या स्टॉलवर उभा राहिलो. हिरवी बाटली उचलली. स्टॉलवालीने हसून विचारलं, "वहिनीसाठी का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

बाटली ड्रॉवरमध्ये आहे. विहिरीवरचा स्क्रू अजून तसाच, ठिपक्याविना आहे.