शिउ-ल्वानच्या घरातलं प्लास्टिक

आमच्या शेजारची शिउ-ल्वान नवी वस्तू वापरत नाही, सांभाळते. एकोणीस वर्षांपूर्वी घेतलेल्या फ्रिजच्या दारावरचं पातळ प्लास्टिक अजून तसंच आहे. कडेनं पिवळं पडलंय, फुगे आलेत, पण काढायचं नाव नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत आणि पिशवीला रबर. सोफ्यावर बसलं की मांड्या चिकटतात आणि उठताना असा काही आवाज होतो की पाहुण्यानं ओशाळून इकडंतिकडं बघावं. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, मेल्यावर तुलाही कव्हर घालून पाठवायचं का?" तर म्हणते कशी, "घाला की. धूळ बसणार नाही."

तिचा तरी काय दोष म्हणा! काओशुंगच्या कारखान्यात तेहतीस वर्षं तिनं डोळ्याला भिंग लावून सर्किटं तपासली. सोनेरी कडेला कुणाचं उघडं बोट लागलं की सुपरवायझर सगळ्या लाइनीसमोर त्या बाईचं पूर्ण नाव पुकारायचा आणि तिला उभं करायचा. शिउ-ल्वानचं नाव एकदाही पुकारलं गेलं नाही. हे ती मला आठवड्यातून दोनदा सांगते. माझं नाश्त्याचं दुकान आहे. सकाळी सहाला ती पहिलं सोयादूध प्यायला येते आणि रिकामा प्लास्टिकचा पेला धुवून घरी नेते. कशाला, ते विचारायचं मी सोडून दिलंय.

नवरा लवकर गेला. एकच मुलगी, पेइ-ह्वा. अकरा वर्षं ती ताइपेइला एका कचेरीत होती. न बांधलेली घरं आतून कशी दिसतील याची हलती चित्रं करायची. ती गेली त्याच वर्षी शिउ-ल्वाननं तिच्या खोलीत नवी गादी आणून टाकली, अर्थातच प्लास्टिकसकट. "पोरगी कायमची आली की काढेन," म्हणाली. पोरगी नव्या वर्षाला चार दिवस यायची, त्या गादीवर कूस बदलली की कचकच कचकच, आणि पाचव्या दिवशी गाडीत. भिंत सामाईक, त्यामुळं मलाही ऐकू यायचं.

यंदा एप्रिलात पेइ-ह्वा दोन मोठ्या बॅगा घेऊन आली. साहेबाला सांगून आली होती की महिनाभर घरून स्वतःचं काम जमतंय का बघते. साहेब म्हणाला, महिना भरतो त्या सोमवारपर्यंत तुझी खुर्ची ठेवतो, पुढं नाही. ताइनानच्या एका हॉटेलवाल्यानं तिला पहिलं काम दिलं होतं आणि तेही त्याच सोमवारी दुपारी द्यायचं होतं. जुन्या लॅपटॉपवर ती चित्रं हलेचनात, म्हणून तिनं सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडायला घेतला. त्यातलं सगळ्यात दांडगं प्रकरण म्हणजे ग्राफिक्स कार्ड. चित्रं हलवायची ती त्यानंच.

शनिवारी सकाळी मी अंड्याची पोळी घेऊन गेले तर मायलेकी कॉम्प्युटरसमोर सुतक आल्यासारख्या बसलेल्या.

"काय झालं गं?"

"काकू, कार्डच सापडत नाहीये त्याला."

"सापडत नाही म्हणजे? हे काय समोर गरगर फिरतंय! दिवासुद्धा लागलाय!"

"वीज मिळतेय हो. पण कॉम्प्युटरच्या हिशेबी इथं काहीच बसवलेलं नाही."

"मग आंधळा कॉम्प्युटर दिलाय तुला. परत कर."

पेइ-ह्वानं दिवसभर सगळं करून पाहिलं. काय काय उतरवलं, पुसलं, पुन्हा चढवलं. दोनदा कार्ड उपसून त्याची सोनेरी कड खोडरबरानं घासली आणि परत बसवलं. शिउ-ल्वानच्या तर काळजात चर्र झालं.

"रबरानं घासतेस? आमच्या कारखान्यात असं कुणी..."

"आई, कारखाना आत्ता नको! हात जोडते!"

शिउ-ल्वाननं पुढचं गिळलं. पण तिच्या मनात वेगळंच काही सलत होतं. रविवारी सकाळी सोयादूध न पिताच माझ्यासमोर बसून राहिली आणि म्हणाली, "मी तिला एकदाही म्हटलं नाही, राहा म्हणून. म्हटलं आणि नाही राहिली तर?" मी एक पोळी जास्तीची बांधून दिली.

दुपारी कॉम्प्युटर बाजारातल्या फान मास्तरांना बोलावलं. सपाता फटफटवत आले, कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारली आणि यंत्रानं शहाण्यासारखं चालावं म्हणून आमच्याकडं वर ठेवतात त्या खाऊच्या पुडीकडं बघून किंचाळलेच.

"मावशी! पिवळी पुडी? यंत्रावर पिवळी पुडी ठेवलीत?"

"हिरवी संपली होती दुकानात," शिउ-ल्वान पुटपुटली.

"मग यंत्र संपावर नाही जाणार तर काय करणार? हिरवीच लागते, खोबऱ्याची! एवढंही कळू नये?"

मी चार दुकानं पालथी घालून हिरवी पुडी आणली. मास्तरांनी मागची तारीख तपासली, कारण मुदत संपलेली पुडी पिवळीपेक्षा वाईट. ती त्यांनी कॉम्प्युटरवर मांडली, हात जोडले, आम्हीही जोडले. धूळ बसू नये म्हणून शिउ-ल्वाननं तेवढ्यात पुडीला पिशवी घातली. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, आणि कार्ड? नाहीच!

मग मास्तरांनी विजेरी मारून आत डोकावल्यासारखं केलं, सुस्कारा सोडला आणि निकाल दिला. "मुख्य बोर्डच गेलाय. बदलून मिळेल. मंगळवारी."

मंगळवारी! पेइ-ह्वानं फोन काढला आणि ताइपेइच्या गाड्या बघू लागली. शिउ-ल्वाननं ते पाहिलं. तिचा चेहरा असा उतरला की मला रडूच यायला लागलं, आणि राग आला तो त्या मेल्या हॉटेलवाल्याचा, ज्याचा यात काही संबंध नव्हता.

पेइ-ह्वानं कार्ड खोक्यात परत भरायला बाहेर काढलं. शिउ-ल्वाननं सवयीनं हात पुढं केला. "थांब, टोपण घालू दे आधी. कुठंय टोपण?"

"कसलं टोपण?"

"सोनेरी कडेवरचं. पातळ असतं बघ, काचेसारखं."

"ते शुक्रवारीच काढून फेकलं मी, आई."

"फेकलंस ते मी कचऱ्याच्या डब्यातून काढलं की! तू जेवायला गेलीस, कार्ड उघडंच टाकून. मी पुसून परत घातलं."

पेइ-ह्वानं कार्ड उलटं करून बघितलं. कड लख्ख उघडी होती.

"म्हणजे टोपणासकट खोवलं मी," ती हळूहळू म्हणाली. "तरीच जड जात होतं! आणि काढताना कार्ड तेवढं बाहेर आलं. मग टोपण..."

शिउ-ल्वान तोवर उठलीही होती. कपाटातून एक डबी आणली, डबीत पिशवी, पिशवीत कागद, कागदात कारखान्यातलं भिंग आणि चिमटा. भिंग डोळ्याला लावून ती कॉम्प्युटरच्या पोटात वाकली.

"मी बघितलंय तिथं," मास्तर म्हणाले.

"बघितलं असेल. तपासलं नाही." तिचा हात जराही हलत नव्हता. चिमट्यानं तिनं खाचेतून एक पारदर्शक पट्टी ओढून काढली, बोटभर लांब, पार चेपलेली.

कार्ड बसवलं. या वेळी खट्ट आवाज आला. बटण दाबलं आणि स्क्रीनवर कार्डाचं लांबलचक नाव उमटलं. मी टाळ्या वाजवल्या. मास्तर हिरव्या पुडीला म्हणाले, "बघा, हिचाच गुण!"

पेइ-ह्वा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ज्येन शिउ-ल्वान!"

पूर्ण नाव! कारखान्यातल्या तेहतीस वर्षांत जे कधी झालं नाही, ते आज. आणि काय सांगू, शिउ-ल्वान खरंच ताडकन उभी राहिली, हात मांड्यांना चिकटवून. पेइ-ह्वानं चेहरा कडक ठेवायचा प्रयत्न केला, पण तिला हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. "दोन दिवस, आई! दोन दिवस!" म्हणत तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

सोमवारी दुपारी चित्रं ताइनानला गेली. तीन वाजता हॉटेलवाल्याचा फोन आला की चित्रातले पडदे बदला आणि दुसऱ्या मजल्याचंही करा. पेइ-ह्वानं साहेबाला कळवलं की खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.

संध्याकाळी मी तवा घासत होते तेव्हा शिउ-ल्वान दारात आली. "कात्री आहे का गं? धारेची हवी."

"कशाला?"

"गादीचं काढायचंय."

मी कात्री दिली आणि घासणी तशीच हातात धरून उभी राहिले. भिंतीपलीकडून लांबलचक फर्रर्र ऐकू आलं, मग पुन्हा एक. अकरा वर्षांचं प्लास्टिक, लवकर संपलं नाही ते.

मंगळवारी सकाळी दोघी सोयादूध प्यायला आल्या. पेइ-ह्वाचे डोळे तांबारलेले.

"झोप नाही का झाली?" मी विचारलं.

"नाही ना, काकू. कूस बदलली तरी आवाजच नाही त्या गादीचा! चुकल्यासारखं वाटत होतं."

शिउ-ल्वान पेला पुसत होती. ती मान वर न करताच म्हणाली, "होईल सवय. आता वेळ आहे."