भाऊजी सभेला गेले

माझ्या मुलीच्या हायस्कुलात पालकांची सभा नेहमी दुपारी दोनला असे. लोणावळ्यात दुपारी दोनला मोकळं कोण? मुनिमाला गादीवर बसवून येणारे दुकानदार आणि तुंगार्लीच्या बंगल्यांतले पेन्शनर. त्याच वेळी मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुलींच्या शाळेत, तिसरीच्या वर्गाकडून पाढे म्हणवून घेत असे. नवरा रेल्वेत होता. तो गेल्यावर मी मास्तरीण झाले. तेव्हा घरात कमावणारीही मीच आणि पालकही मीच. मास्तरणीलाच लेकीच्या शाळेत जायला सवड नाही, याचं शेजारणींना हसू येई. मला कधी आलं नाही.

आधीच्या सभा बुडाल्या तरी काही अडलं नाही. तिथे स्नेहसंमेलन आणि खेळाचं मैदान यांपलीकडे गोष्ट जात नसे. त्या पावसाळ्यातली सभा मात्र वेगळी होती. वरच्या वर्गात मुलांबरोबर चार-दोन मुली बसत, त्यावर गावातल्या काही बड्या मंडळींची कुरकुर सुरू झाली होती. मुलींना ठेवायचं की काढायचं, ते त्यांच्या पालकांना विचारून ठरणार होतं. माझी मुलगी बीजगणितात बुडालेली. जेवतानासुद्धा ताटाच्या कडेला बोटाने काहीतरी मांडत बसे. तिला तिथून काढलं तर पुण्याला पाठवायची माझी ऐपत नव्हती.

मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, अर्ध्या दिवसाची रजा मागितली. हो-ना करत त्यांनी दिली. आणि सभेच्या दोन दिवस आधी निरोप आला, दिपोटी येणार. दिपोटी शाळा तपासायला यायचे म्हणजे वर्ग सारवा, पाट्या घासा, घरी राहिलेल्या मुलींना हाताला धरून आणा. नेमका तोच दिवस, तीच वेळ.

"तुमच्या वर्गावर बाई नाही असं दिसलं तर मी काय सांगू त्यांना?" मोठ्या बाई म्हणाल्या. "घरातला कुणी पुरुष पाठवा सभेला. नाहीतरी तिथे पुरुषच असतात."

मी राग गिळला. नोकरी गेली तर बीजगणित कसलं, चूलही पेटली नसती.

टाकवे बुद्रुकला धाकट्या दिरांकडे निरोप धाडला. भातलावणीचे दिवस, माणूस चिखलातून वर निघायला तयार नसतो. तरी भाऊजी कामशेतपर्यंत चालत आले आणि गाडी धरून सकाळीच दारात उभे राहिले. पिशवीतून कोरडा फेटा काढून त्यांनी चुलीपाशी बसून नीट बांधला.

"एवढंच म्हणायचं," मी त्यांना सांगितलं, "की आमची मुलगी पुढे शिकणार. मागच्या बाकावर बसवा, पण वर्गात ठेवा."

"व्हय वैनी. त्यात काय आवगड हाय?"

दिपोटी माझ्या वर्गावर खूश होऊन गेले. त्यांनी काय विचारलं, मुलींनी काय सांगितलं, मला आजही आठवत नाही. माझं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

घरी आले तर भाऊजी ओट्यावर खुशीत बसले होते. "लय मान दिला वैनी. खुर्ची दिली. हेडमास्तरांनी सोता इचारलं, तुमचं काय म्हननं हाय?"

"मग तुम्ही सांगितलंत ना?"

"आदी रीतीनं बोललो. म्हनलं, पोर तुमच्या पदरात घातलीया, तुमी म्हनाल तसं."

आमच्याकडची ही रीतच. सोयरीक असो की बांधाची वाटणी, पाहुण्यांसमोर आपलं म्हणणं एकदम पुढे करायचं नाही. आधी सगळं समोरच्याच्या हाती द्यायचं. तो म्हणतो, छे, तुम्हीच बोला. मग बोलायचं. भाऊजी त्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले होते.

"पुन्यांदा इचारायची गरजच पडली न्हाई," ते म्हणाले. "हेडमास्तर म्हनले, आमच्यावर सोपवलंत, लय बरं केलंत. काम झालं."

मुलगी दारात उभी होती. तिला माझ्याआधी समजलं. तिने दप्तर खुंटीला लावलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी धावतपळत हायस्कुलात गेले. हेडमास्तर सौजन्याने बोलले. बहुतेक पालकांचा कल मुलींना काढण्याकडे होता, म्हणाले. ज्यांच्या घरून कुणी आलं नाही, त्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं होतं. त्यातल्या एका वडिलांनी हट्ट धरला, तर त्यांच्या मुलीला ठेवावंही लागेल. "पण तुमच्या घरचे गृहस्थ येऊन निर्णय आमच्यावर टाकून गेले."

"पालक मी आहे," मी म्हटलं.

"असाल हो. पण घरचा शब्द झाला आहे."

म्हणजे कुणीच गेलं नसतं, तर मला दुसरी तारीख मिळाली असती. परतताना हे माझ्या डोक्यातून जाईना. घंटा होऊन गेली होती आणि माझ्या वर्गाचा गलका रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

मुलगी पुढे माझ्याच शाळेतून मराठी सातवीची परीक्षा पास झाली, तेव्हा मास्तरकीला तेवढी पुरे, आणि माझ्यासारखीच मास्तरीण झाली. बीजगणिताची वही तिने कधी उघडली नाही आणि रद्दीतही घालू दिली नाही. भाऊजींना मी काही सांगितलं नाही. लावणी टाकून आलेल्या माणसाला काय सांगणार? पण राग गेला असंही मी म्हणणार नाही. त्यांच्यावरचाही नाही.

तिचा पहिला पगार झाला तेव्हा ते नवे तांदूळ घेऊन आले. जेवताना तिला म्हणाले, "त्या दिशी सभेला मी गेलो, म्हनून तू आज मास्तरीन झालीस, काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या भातावर तूप वाढत म्हणाली, "व्हय काका. तुम्ही गेलात म्हणूनच."