पंप कुणी दुरुस्त केला

आमच्या विभागात शिफारसपत्रांची एक रीत आहे, आणि मला तिची मनापासून चीड येते. परदेशी शिकायला निघालेली पोरं विभागप्रमुखांकडे पत्र मागायला जातात. साहेब मान वर न करता म्हणतात, "मजकूर तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो." म्हणजे आपली टिमकी आपणच वाजवायची, साहेबांनी फक्त खाली सही ठोकायची!

मी इथला प्रयोगशाळा मदतनीस. सव्वीस वर्षं पंप आणि नळ सांभाळतोय. पोरं मला मामा म्हणतात.

त्यातलीच एक पोरगी, शेवटच्या वर्षाला होती. बाप शहर बसवर चालक, आई घरी शिवणकाम करायची. पोरीचं इंग्रजी झकास, म्हणून अख्खा वर्ग हिच्याकडून पत्रं लिहून घ्यायचा. नावच पडलं होतं 'मसुदा'. "मसुदा, माझं राहिलं गं!" की ही बया बसली माझ्याच स्टुलावर लिहायला. तिला स्वतःला एकाच विद्यापीठात जायचं होतं. तिथे पंपांवर संशोधन चालायचं आणि निवड झाली तर फी माफ होती. दुसरीकडे जाणं घरच्यांना झेपणारं नव्हतं. बापाने निवडीआधीच जाडजूड कोट आणून ठेवला होता, दोन मापं मोठा. म्हणे, आत स्वेटर घालता येईल.

त्याच वर्षी आमचा मोठा पंप रुसला. आतून खरखर यायची आणि दर पाच मिनिटांनी दाब पडायचा. साहेब म्हणाले, भंगारात काढा. ही तीन दिवस त्याच्याशी झटली. पंप चालू ठेवून पाइपाच्या एकेका जोडावर ग्रीस थापायची आणि कान लावून ऐकायची. अकराव्या जोडावर ग्रीस बसलं आणि खरखर थांबली. तिथून हवा आत शिरत होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून तिने तिथे नवा वायसर बसवला. पंप अजून चालतोय. हे पाहिलं ते फक्त मी.

तिच्या वर्गाचा प्रतिनिधी गोड बोलणारा होता. हाताला कधी तेल लागलेलं नाही, त्यामुळे पत्रात लिहायला काहीच नाही. "तुझी पंपाची गोष्ट दे ना. मी दुसऱ्या देशात अर्ज करतोय, कुणाला कळणार आहे?"

मी म्हटलं, "पोरी, डोकं फिरलंय का तुझं?"

"जाऊ द्या मामा. माझी गोष्ट खरी आहे, ती कुठे जातेय?"

दोन्ही पत्रांत पंप आला. दोन्हींवर साहेबांनी न वाचता सही केली. आणि त्या पठ्ठ्याने जाता जाता हिच्या विद्यापीठातही अर्ज टाकला. "सहज," असं नंतर म्हणाला. तिथे त्याची निवड आधी झाली. मग साहेबांना तिथून विचारणा आली: पंप एक आणि दुरुस्त करणारे दोन, खरं काय?

साहेबांनी तिला बोलावलं. काय म्हणाले असतील? "उत्तराचा मसुदा तूच लिहून आण."

तिने सगळं खरं लिहिलं, गोष्ट आपणच दिली हेसुद्धा. साहेबांनी वाचलं. या खेपेला मात्र नीट वाचलं. "हे पाठवलं तर माझी सही खोटी ठरेल. त्याची तर निवडही झालीय." मग त्यांनी स्वतः पेन उचललं आणि दोन ओळी लिहिल्या. पंप त्याने दुरुस्त केला, तिच्या पत्रात तो मजकूर चुकून आला. सव्वीस वर्षांत साहेबांनी स्वतः लिहिलेलं पत्र मी तेवढंच पाहिलं.

मी दाराशी उभा होतो. दोन पावलं आत जाऊन 'साहेब, मी पाहिलंय' एवढंच म्हणायचं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, म्हणून मिठाची गुळणी धरली. त्याची लाज आजही वाटते.

आठवड्याभरात तिला नकार आला. आता ती आमच्याकडेच तात्पुरती शिकवते, सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीवर. कोट तिची आई अधूनमधून उन्हात घालते.

परवा दुपारी प्रयोगशाळेतला फोन वाजला. तोच होता, तिकडून. "मामा, इथल्या सरांनी मला एक पंप दिलाय. म्हणे, तुझ्या पद्धतीने शोध. मसुदा आहे का तिथे?"

तळपायाची आग मस्तकात गेली. "नाही," म्हणून मी ठेवणारच होतो, पण तिने फोन हातातून घेतला. ग्रीस कुठलं, कुठल्या जोडापासून सुरुवात करायची, कान कुठे लावायचा, सगळं शांतपणे सांगितलं. दोन वेळा सांगितलं, त्याला लिहून घेता यावं म्हणून.

त्याने आणखी काहीतरी विचारलं.

"तीन दिवस," ती म्हणाली. "तुला तीन दिवस लागले होते. कुणी विचारलं तर तेवढंच सांग, पत्रात तसंच लिहिलंय."