सरकलेला बँड आणि पोटाची बाही

वजनाच्या ऑपरेशनवाल्यांच्या वेटिंग रूममध्ये किश्श्यांना तोटा नसतो. खायला बंदी, मग तोंडाला काम काय? बोलायचं! त्यात आमची तर खास टोळी. काही वर्षांपूर्वी पोटात ‘बँड’ बसवून घेतलेली, आणि आता तो काढून ‘स्लीव्ह’ करायची वेळ आलेली. मी शाळेत भूगोल शिकवते. लक्ष्मीअक्का भवानी पेठेतल्या, घरी टॉवेलचे माग. आणि दत्ताभाऊ मोहोळकडचे, ट्रक ड्रायव्हर. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात ओळख झाली, आणि तिघांची भीती एकच निघाली म्हणून मैत्री टिकली.

बँड म्हणजे जठराच्या वरच्या भागाला घातलेलं सिलिकॉनचं कडं. थोडं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं. मी तो बसवला तेव्हा सासूबाईंनी आत्यांना फोन करून अभिमानानं सांगितलं, “सूनबाईनं बँड लावला!”

पलीकडून आत्या तडकल्या, “लग्न कुणाचं ठरलं ते तरी कळवायचं!”

*

पहिली काही वर्षं छान गेली. मग घास अडकायला लागला. एका लग्नात पोळीचा पहिलाच घास छातीत असा रुतला की श्वास घ्यायची चोरी! मी ताट सोडून बेसिनकडे धावले. उलटी थांबेना, डोळ्यांतून पाणी. मागून एक लांबच्या मावशी आल्या, प्रेमानं पाठ चोळली आणि कानाशी येऊन म्हणाल्या, “कितवा?”

“काय कितवा, मावशी?”

“महिना गं!”

मी सत्तेचाळीस वर्षांची! घरी सगळे पोट धरून हसले. मीही हसले. पण त्या आठवड्यात साधं पाणीसुद्धा पोटात ठरेना, आणि आडवं झालं की आंबट पाणी घशाशी. माझं हसू तिथंच संपलं.

*

तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, “बँड सरकलाय.” लक्ष्मीअक्कांचाही सरकलेला. दत्ताभाऊंचा जागेवर होता, पण अन्ननलिका फुगत चाललेली.

डॉक्टरांनी आम्हाला एकत्र बसवून समजावलं. बँड काढायचा. मग जठराचा मोठा भाग कापून टाकायचा आणि उरलेल्याची अरुंद नळी करायची. “शर्टाची बाही असते ना, तशी. म्हणून नाव स्लीव्ह.”

अक्का एकदम पुढं सरकल्या. “बाही? मग शिवणार कोण?”

“मशीन. बारीक बारीक पिना मारत जातं.”

“मशीनची शिवण उसवती की हो डॉक्टर!”

आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “क्वचित उसवते, अक्का. आणि आधी बँड असलेल्या पोटात तो धोका जरा जास्तच. तेच सांगायला बोलावलंय तुम्हाला.”

अक्कांनी पदर पोटावर ओढून घेतला, जणू शिवण आत्ताच उसवायला लागलीय!

*

त्याहून वाईट गोष्ट पुढंच होती. बँडभोवती सूज किती, ते आत गेल्याशिवाय कळत नाही. सूज कमी असली तर दोन्ही कामं एकाच वेळी. जास्त असली तर त्या वेळी नुसता बँड काढायचा आणि स्लीव्हसाठी काही महिन्यांनी पुन्हा टेबलावर.

“म्हणजे भूल उतरेपर्यंत तुलाच माहीत नसणार, तुझं काय झालं ते?” घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं. इतकी वर्षं मी त्याला सांगत होते, जरा विचार करून बोलत जा. नेमका त्याच दिवशी त्यानं विचार केला!

ऑपरेशनच्या आधी मला फक्त पातळ खायचं होतं. हा बिचारा माझ्यासमोर जेवेना. “भूकच नाही गं,” म्हणायचा आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचा. आमच्या घरात त्यानं कधी रुमाल वाळत घातलेला नाही! एकदा खाली आला तर मिशीला शेंगाचटणी.

“कपडे वाळले का?” मी विचारलं.

“कडक झालेत,” तो म्हणाला.

*

आमच्यात पहिला नंबर दत्ताभाऊंचा. सकाळी ॲडमिट झाले, हिरवा गाऊन चढवला, सलाईनची सुई टोचली. न्यायला वॉर्डबॉय आला तर पलंग रिकामा! वहिनी रडकुंडीला आल्या. सिस्टर जिना चढून-उतरून थकली. मी अक्कांसोबत तपासणीला आले होते, आम्हीही शोधाशोध केली.

अखेर अक्कांना ते गेटबाहेर सापडले. उभ्या रिक्षात, गाऊनवर, पायात दवाखान्याच्या स्लिपर. रिक्षावाला मागं वळून विचारत होता, “काका, कुटं सोडू ते तरी सांगा की!”

दत्ताभाऊ म्हणाले, “थांब की जरा. अजून ठरलं न्हाय.”

वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. मग दत्ताभाऊ उतरले, डॉक्टरांकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, “बँड तेवढा काढा. बाहीचं मला न्हाय झेपायचं.” डॉक्टरांनी ऐकलं. आता ते जेवतात, वजन पुन्हा वाढतंय, पण घास अडकत नाही. बरोबर केलं की चूक, आम्ही कुणी बोलत नाही.

*

माझा नंबर लागला तेव्हा भुलीच्या आधी मनात एकच प्रश्न होता, आणि शुद्धीवर येतानाही तोच. एकच काम झालं की दोन्ही? जीभ जड झालेली. समोर सिस्टर दिसली. मी सगळी ताकद लावून विचारलं, “एक... की दोन?”

ती म्हणाली, “एकच आलेत मॅडम, तुमचे मिस्टर. बाहेर बसलेत, रडतायत!”

काम एकच झालं होतं. सूज फार होती. पुन्हा सगळं सहन करायचं म्हणून मी उशीत तोंड खुपसून रडले. पुढं काही महिन्यांनी स्लीव्हही झाली आणि निभावली. पण मधले ते महिने मी घरात सगळ्यांवर नुसती खेकसत होते.

*

अक्कांचं मात्र एकाच वेळी दोन्ही उरकलं. आम्ही खूश! आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. नाडी पळायला लागली. डॉक्टरांचा चेहरा पाहून मला त्या शिवणीचीच आठवण झाली. तातडीनं स्कॅनला नेलं.

अक्कांचे यजमान नरसय्याकाका, अगदी अबोल माणूस. दाराकडे बघत उभे राहिले. मी “बसा की” म्हटलं तरी बसले नाहीत. रिपोर्ट आला. शिवण शाबूत होती! ताप छातीतल्या कफाचा निघाला. काकांनी नुसती मान हलवली आणि भिंतीला टेकले.

ताप उतरल्यावर पाणी द्यायची परवानगी मिळाली. औषधाच्या चिमुकल्या कपातून, एक एक घोट, मध्ये थांबून. मी भेटायला गेले तेव्हा अक्का पलंगावर टेकून बसल्या होत्या. काका समोर स्टुलावर, त्यांच्याही हातात तसाच चिमुकला कप. अक्कांनी घोट घेतला की काका घोट घेत. अक्का थांबल्या की तेही थांबत.

सिस्टर हसत म्हणाली, “काका, तुमचं कुठं ऑपरेशन झालंय? तुम्ही बाहेर जाऊन पोटभर जेवून या!”

काकांनी कपात बघितलं, मग अक्कांकडे.

“तिला एकटीनं जेवायची सवय न्हाय,” ते म्हणाले.